कायले पाह्यजे वायरमन?

तारेत करंट आहे की नाही, हे दादाराव गावंडे बोट लावून पाहत. टेस्टर होता त्यांच्याकडे, पण तो पाठ खाजवायला. मधलं बोट तारेला हळूच टेकवायचं, खांदा उडाला की समाधानानं मान हलवायची. "हाये! जित्ती हाये!"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बोबडी वळली ती माझी.

"दादाराव, वायरमनला बोलवा ना!"

"कायले पाह्यजे वायरमन? त्याले का चार हात हायेत?"

साठ सालच्या आसपासची गोष्ट. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. गल्लीत निम्म्या घरी अजून कंदीलच होते. पोस्टातून रिटायर झाल्यावर दादारावांनी स्वतःला विजेला वाहून घेतलं होतं. दारामागे लाकडी पाटीवर चिनीमातीचे दोन फ्यूज, असा त्यांचा बोर्ड. मुळात तो होता तीन दिव्यांपुरता. दादारावांनी घर दिव्यांनी भरून टाकलं. चुलीच्या डोक्यावर दिवा, माठापाशी दिवा, न्हाणीच्या उंबऱ्यावर दिवा, आणि तोही शंभराचा. नवरा-बायको दोघंच, पण घर लग्नाच्या मांडवासारखं. गल्ली हसायची.

साहजिकच फ्यूज उडायचा. दादाराव जरा जाड तार घालायचे. तीही जळाली की आणखी जाड. एकदा मी पाहतो तर फ्यूजमध्ये काकूंच्या केसांचा आकडा!

"अहो, फ्यूज जळायसाठीच असतो. तो जळतो म्हणून घर वाचतं!"

"कमजोर तार जळते. हा नाई जळत. पाहून घेजो."

आकडा खरंच जळला नाही. बोर्ड जळला.

दिवेलागण झाली होती. भिंतीपलीकडून ताडकन आवाज आला, पाठोपाठ जळक्या रबराचा वास. मी धावलो. दादाराव स्टुलावरून फेकले जाऊन भिंतीशी बसलेले, भुवया करपलेल्या. पाटी धुमसत होती आणि एक सुटलेली तार वरून लोंबत ठिणग्या टाकत होती.

"अजी, काय झालं?" म्हणत काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि सरळ त्या तारेकडे चालू लागल्या.

"थांब वं! हालू नको!" दादाराव ओरडले. असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

काकू जागच्या जागी थांबल्या. तार कपाळापासून हातभर लांब. मी ओसरीवर पळालो आणि मीटरजवळचा मेन खाली ओढला.

"काकूंना एवढी तार दिसली नाही?" मी अंधारातच विचारलं.

"तिले दिसत नाई," दादाराव म्हणाले. "मोतीबिंदू हाये. ऑपरेशनचं नाव काढलं की थरथर कापते. लख्ख उजेड असला तं थोडंफार दिसते म्हनते. कोनाले सांगू नका म्हनते, लोक आंधळी म्हनतीन."

तारेला बोट न लावता मला झटका बसला. रोज ओट्यावरून मला नावानं हाक मारणाऱ्या काकू मला पावलांवरून ओळखत होत्या, आणि आम्ही दिव्यांना हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादाराव स्वतः जाऊन सलीमभाई वायरमनला घेऊन आले. बोर्ड पाहून सलीमभाई दोन पावलं मागं सरकले. "या अल्ला! चाचा, तुमी जित्ते कसे?"

दादारावांनी करपलेल्या भुवयांवरून हात फिरवला.

"मेन बंद करून फ्यूजची तार बदला, बल्ब बदला. तेवढं तुमचं. नवा दिवा जोडाचा असन, बोर्डाले हात लावाचा असन, जळका वास आला, चटका बसला, का मले आवाज द्या. आन अर्थिंग कुठं हाये?"

"ते काय असते?"

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला.

लोखंडी मेन स्विच आला, नव्या जाड वायरी आल्या, खोलीखोलीला वेगळा फ्यूज झाला, अंगणात खड्डा खणून अर्थिंग पुरलं. दादारावांनी कशाला बोटसुद्धा लावलं नाही. मधूनमधून एवढंच विचारत, "चुलीपाशी उजेड चांगला पडन ना?"

संध्याकाळी सलीमभाईंनी मेन वर केला. सगळं घर लख्ख झालं. दादारावांनी काकूंचा हात धरून त्यांना मधल्या खोलीत दिव्याखाली आणलं आणि स्वतः अगदी समोर उभे राहिले.

"दिसते का वं?"

काकूंनी डोळे बारीक केले. तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं. आम्ही दोघं परके तिथं आहोत हे त्या विसरल्याच असाव्यात.

"अजी," त्या दचकून म्हणाल्या, "तुमच्या मिशा पांढऱ्या कवा झाल्या?"

"झाल्या हळूहळू," दादाराव म्हणाले. मग घसा खाकरून, "उद्या अमरावतीले जाऊ. डोळ्याच्या डॉक्टरले नुसतं पाहू दे. मी तुह्याजवळच बसतो."

काकूंचा चेहरा उतरला. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्या पाहतच राहिल्या.