उतरणार कुठं?

तुम्ही सकाळच्या बसनं भोकरला जाऊन संध्याकाळी घरी परतणार असलात, तरी भोकरात मुक्काम कुठे करावा हे वैजनाथअप्पा तुम्हाला सांगतात. नको म्हटलं तरी सांगतात. नांदेडच्या आमच्या कॉलनीत कोणी हातात पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलं, की समोरच्या ओट्यावरून प्रश्न येतो, "उतरणार कुठं?" मी रोज उमरीच्या तहसील कचेरीत नोकरीला जातो. मलाही पहिल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हणालो, "अप्पा, ऑफिसला चाललोय." ते म्हणाले, "ते हाय. पर गाडी चुकली तर?"

कॉलनीतल्या लोहाऱ्यांचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. लोहारे अस्थी घेऊन काशीला निघाले होते. सगळे मान खाली घालून उभे. अप्पाही उभे होते, कपाळावर भस्माचे पट्टे, हात जोडलेले. मग हळूच पुढे सरकून त्यांनी लोहाऱ्यांच्या कानाशी विचारलंच. लोहारे तेव्हा असे काही बघत राहिले की मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार. पण काशीहून परत आले ते थेट अप्पांच्या ओट्यावर. म्हणाले, "खोली चांगली होती अप्पा. पहाटे गच्चीवरून नदी दिसली. वडलांना सोडून आल्यावर तिथं बसलो होतो दोन तास." अप्पांनी फक्त मान हलवली. खोली चांगली निघण्यात त्यांना नवल काहीच नव्हतं.

अप्पा मूळचे लातूरकडच्या मुरुडचे. चाळीस वर्षं लातुरात डाळमिलच्या मशिनरीचे फिटर होते. लातूरची मशीन जिथे जिथे गेली तिथे तिथे ती बसवायला आणि बिघडली की दुरुस्त करायला अप्पा गेले. एका गावात आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस राहायचं. त्यामुळे देश त्यांनी पाहिला तो खोल्यांच्या खिडक्यांतून. आता गुडघे गेले, बायको त्याच्याही आधी गेली, आणि ते मुलाकडे नांदेडला आले.

हॉटेलला तारे देणारे लोक त्यांना मूर्ख वाटतात. ते हॉटेल मोजतात झोपेवर. "बिकानेरची ती जुनी हवेली, दोन झोपंची हाय," म्हणजे तिथे रात्री झोप लागते आणि दुपारीही लागते. "खिडक्या इतक्या खाली की गादीवर बसल्या बसल्या गल्ली दिसती. मालक स्वतः ताक घिऊन येतो." कोचीला मिऱ्यांच्या जुन्या गोदामाचं हॉटेल केलंय, तेही दोन झोपांचं, शिवाय तिथे सर्दी होत नाही. पुरीचं मात्र दीड झोपेचं. समुद्र लई बोलतो.

खोली कशी पारखायची याचीही त्यांची एक रीत आहे. आत गेल्यावर पंखा लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. भिंतीला तळहात टेकवून डोळे मिटून उभं राहायचं. "मशीन असू द्या न्हाईतर खोली, हाताला कळतं. थरथर लागली की समजायचं खाली जनरेटर हाय, न्हाईतर शेजारी लगीन." मोबाइलवर फोटो बघून खोली घेणाऱ्यांची तर त्यांना कीव येते. "फोटो घोरतो का? घोरतो शेजारचा माणूस!"

मागच्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको रामेश्वरला निघालो, वाटेत मदुराईला दोन दिवस. ही बातमी अप्पांना कशी कळली ते विचारू नका. माझ्या बायकोनं, सुनीतानं, बॅग माळ्यावरून काढली आणि अप्पा दारात हजर. हातात चिठ्ठी आणि दोन किलो तुरीच्या डाळीचं पुडकं.

"ताई, मदुराईत देवळाच्या पूर्वेला गल्ली हाय. तिथल्या लॉजात माझा सुंदरम मॅनेजर हाय. आधी त्याच्याकडं विचारा. न्हाईच जमलं तर समोर दुसरं हाय, ते बी खाली लिवलंय. आन् ही डाळ त्याला द्या."

दुसऱ्या कुठल्याही गावाला अप्पा दोन नावं देत नाहीत. एकच देतात आणि तेही हुकूम दिल्यासारखं. मला तेव्हा ते खटकायला हवं होतं. पण मी दोन किलो डाळीचं ओझं बॅगेत कुठे कोंबावं या विवंचनेत होतो.

सुंदरमची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. मदुराईत मशीन बसवताना अप्पांना कावीळ झाली होती. अकरा दिवस या सुंदरमनं त्यांना स्वतःच्या घरून तांदळाची पेज आणून पाजली. अप्पांना उदगीरकडची तुटकी कानडी यायची, त्याला फक्त तमिळ. "मी कानडीत कण्हायचो, तो तमिळात चिडायचा. भांडान बी व्हायचं आमचं. समजत कायबी न्हवतं, पर राग खरा होता." त्यानंतर अप्पा मदुराईला गेले की सुंदरमकडेच. गुडघे गेल्यावर डाळ जाऊ लागली, जाईल त्याच्या हातानं. "मागल्या दिवाळीला गायकवाड सर गेलते. म्हणले, सुंदरम लई जाड झालाय!" हे सांगताना अप्पांचं स्वतःचंच पोट हसण्यानं हलत होतं.

मदुराईला पोचलो. गल्ली सापडली. चिठ्ठीतल्या पत्त्यावर साड्यांचं दुकान होतं. दुकानदाराला हिंदी येत होती. तो म्हणाला, लॉज बंद झालं. मॅनेजर सुंदरम वारले, त्यालाही तीन वर्षं झाली.

मी आणि सुनीता तिथेच पायरीवर बसलो. तीन वर्षं! आणि गायकवाड सर तर मागच्या दिवाळीला इथे येऊन गेले होते. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेला हेडमास्तर, एका मेलेल्या माणसाला जाड करून मोकळा झाला होता. मला सरांचा भयंकर राग आला. म्हटलं, आता हे सांगायचं माझ्यावर आलं. आम्ही समोरच्या हॉटेलात उतरलो. खोली दोन झोपांची होती, पण मला एकही लागली नाही. रामेश्वरला समुद्रात उभा राहून मी वाक्यं जुळवत होतो. सुनीता म्हणाली, "सरळ सांगून टाका. म्हातारं माणूस आहे, सहन करील." मी ठरवलं, सांगायचं.

रिक्षातून उतरलो तर अप्पा फाटकाशी, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे.

"सुंदरम कसा हाय?"

"मजेत आहे," मी म्हणालो. "तुमच्या गुडघ्यांची चौकशी करत होता."

सुनीतानं माझ्याकडे बघितलं नाही. तिने रिक्षातून बॅग काढली आणि आत गेली. त्या बॅगेत डाळ होती.

आठवडाभर मी अप्पांना चुकवत राहिलो. रविवारी सकाळी सुनीता ओसरीत ताट घेऊन डाळ निवडत बसली होती, आणि अप्पा काठी टेकत आले. त्यांनी खुर्ची ओढली, वाकून ताटातली चिमूटभर डाळ उचलली, तळहातावर फिरवली. चाळीस वर्षं डाळ बघितलेला माणूस!

"कडंला बघा ताई, किंचित खरवडलेली हाय. मुरुडच्या मिलची. त्यो रोलर मी बसवलाय, त्यो असाच खातो."

अप्पांनी डाळ परत ताटात सोडली.

"गेला बगा त्यो," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. त्याच्या पोरीनं फोन केलता तवाच. तमिळात बोलत होती आन् रडत होती. समजायचं काय राहिलं?"

"मग अप्पा, आम्हाला का..." मी विचारलं.

"आधी सांगणारच होतो सगळ्यांना. पर त्याच महिन्यात आपल्या कॉलनीतले हाजीसाब मदुराईहून आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणले, सुंदरमनं सलाम सांगितला. त्यांचं तोंड बघितलं मी. इतका भला माणूस माझ्यासाठी खोटं बोलून राहिला, त्याला काय म्हणू? मग नर्सबाई तिकडं जाऊन आल्या. त्या म्हणल्या केस काळे करतो आता. गायकवाड सरांनी जाड केला. लोहाऱ्या बी मदुराईला जाऊन आला, त्यानं तेवढं खरं सांगितलं. सरळ माणूस. पर त्याला पुन्हा डाळ दिली न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. मी लपवले नाहीत.

"घरात सून करती सगळं. पोरगं चांगलं हाय. तक्रार न्हाई," अप्पा म्हणाले. "पर माझ्या वयाचं माझ्या वळखीचं कुणी राहिलं न्हाई. एक सुंदरम हाय, तुम्ही लोक जाऊन भेटून येता म्हणून. गुडघ्याचं कुणी विचारलं न्हवतं. ते तुमचं बेस होतं, सायेब."

सुनीता उठली. "डाळ शिजायला टाकते, अप्पा. जेवूनच जा." अप्पा जेवले. वरण दोनदा घेतलं आणि म्हणाले, सुंदरमच्या पेजेपेक्षा बरं हाय.

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या वाघमाऱ्यांचं मदुराईचं निघालं. मी पाहिलं तेव्हा अप्पा पुडकं आणि चिठ्ठी घेऊन त्यांच्या दारात उभे होते आणि भिंतीला हात कसा टेकवायचा ते दाखवत होते. मी न राहवून रस्ता ओलांडून गेलो.

"वाघमारे, सुंदरमला माझाही नमस्कार सांगा. आणि त्यांची कंबर कशी आहे ते आठवणीनं विचारा. आम्ही गेलो तेव्हा धरली होती."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठीची घडी पुन्हा एकदा नीट केली.

दहा दिवसांनी वाघमारे परतले. ओट्यापाशी थांबून, नजर जरा इकडेतिकडे करत म्हणाले, "कंबर आता बरी आहे म्हणाले. तेल लावतात रोज."

अप्पांनी समाधानानं मान डोलावली. आणि खोटं कशाला सांगू, ऐकून मलाही बरं वाटलं.