आत एक कुकर, न वापरलेला

वजनमाप खात्याच्या कर्मचारी वसाहतीत नाताळ काटकसरीने साजरा होतो. तसा तो पुष्कळ ठिकाणी होतो. पण इथे तो परिपत्रकानुसार होतो, आणि काटकसर झाली की नाही हे काट्यावर तपासलं जातं.

पद्धत सोपी आहे. नाताळच्या आधी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि आपल्या हाती ज्या घराची चिठ्ठी येईल त्या घराला भेट द्यायची. भेट ठरावीक किमतीच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा फार पूर्वीच्या एका साहेबांनी घालून दिली. पुढे बाजारात सगळ्याचे भाव चढले, मर्यादा मात्र जागची हलली नाही. आज त्या पैशांत भेट बांधायची दोरी येते, भेट येत नाही. तेव्हा वसाहतीने व्यवहार्य तोडगा काढला. गेल्या नाताळात आलेलं खोकं न उघडता या नाताळात पुढच्या घरी द्यायचं. इस्त्री, चहाचे कप, भिंतीवरचं घड्याळ अशा वस्तू त्या जुन्या साहेबांच्या काळापासून घरोघर फिरतात, आणि त्या कशा दिसतात हे आता कुणालाच आठवत नाही. मधल्या मधे कुणी वस्तू काढून घेतली तर कळावं म्हणून सभागृहात सगळ्यांसमोर खोकं काट्यावर ठेवतात. वजन भरलं की टाळ्या वाजतात. गेली कित्येक वर्षं वसाहतीचा नाताळाचा खर्च शून्य आहे, आणि वरच्या कार्यालयाने याबद्दल लेखी समाधान व्यक्त केलेलं आहे.

या वसाहतीत एका टेंपररी कारकुनाचं बिऱ्हाड आलं. वसाहतीत बायकांना नवऱ्याच्या हुद्द्यावरून हाक मारतात. त्यामुळे सामान ट्रकमधून उतरायच्या आत ती टेंपररीवहिनी झाली.

टेंपररीवहिनीला काटकसर परिपत्रकातून शिकावी लागली नव्हती. टेंपररी पगार, दोन वाढती पोरं आणि सासूबाई. बाजार उठायच्या वेळेला ती पिशवी घेऊन निघायची आणि मार लागलेले टोमॅटो, मोडकी गाजरं, कालचा पाव घेऊन यायची. फ्लॉवरची देठं सूपमध्ये जायची. आठवड्यातले बहुतेक दिवस सुके वाटाणे असायचे, कारण त्यांच्याइतकं स्वस्त आणि पोटभर दुसरं काही नव्हतं. अडचण पातेल्याची होती. त्याचं बूड इतकं झिजलं होतं की वाटाणे खालून करपायचे आणि वरून कच्चे राहायचे. सकाळपासून गॅस जळायचा तरी दाणा दाताखाली कडकन वाजायचा. सासूबाईंच्या तोंडात दोनच दात, आणि तेही समोरासमोर नव्हते. त्या वाटाणे चघळायच्या, हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज भूकच नाही गं फारशी." वहिनीला ते ऐकून रडू यायचं. एक कुकर हवा होता, आणि तो येण्याची चिन्हं नव्हती.

पहिल्या नाताळात तिच्या हाती हेडक्लार्कची चिठ्ठी आली. नव्या बिऱ्हाडाकडे पुढे ढकलायला खोकं नसतं. तिने नवऱ्याचा जुना स्वेटर उसवला आणि त्या लोकरीचे हातमोजे विणले. सभागृहात ते काट्यावर ठेवले.

"वहिनी, काटा हललासुद्धा नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"हात गरम राहतील, साहेब."

"तो मुद्दा नाही."

पण मर्यादेत बसत असल्यामुळे मोजे स्वीकारण्यात आले. हेडक्लार्कनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंद केले आणि गारठलेल्या बोटांवर फुंकर मारत पुढचं खोकं पुकारलं. ते टेंपररी बिऱ्हाडासाठी होतं. बाजूवर कुकरचं चित्र होतं. वजन तंतोतंत भरलं, टाळ्या वाजल्या, आणि वहिनीचे डोळे भरून आले. लोकांना ते आवडलं. कुकर इतकी वर्षं फिरत होता, पण तो मिळाल्यावर कुणी खरोखर रडल्याची ही पहिलीच वेळ होती.

ती घरी गेली, तिने खोकं उघडलं आणि वाटाणे शिजत घातले.

पहिली शिट्टी झाली तेव्हा वसाहतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. वाटाणे शिजून सासूबाईंना वाढेपर्यंत हेडक्लार्क दारात होते.

"वहिनी, आवाज कसला?"

"कुकरचा. बसा ना. वाटाणे झालेत."

"कुठला कुकर?"

"अहो, मघाशी तुम्हीच पुकारलात की!"

हेडक्लार्क मटकन खुर्चीत बसले. "उघडलात?"

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू?"

आतल्या खोलीत सासूबाई जेवत होत्या. त्यांनी ताट पुसून खाल्लं होतं आणि आणखी मागत होत्या. "काय लोणी झालेत गं वाटाणे!" त्या ओरडल्या. हेडक्लार्कनी कानांवर हात ठेवले. ऐकलं असतं तर नोंद घ्यावी लागली असती.

समितीची तातडीची बैठक साहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. टेंपररी कारकून भिंतीला टेकून उभा होता. त्याला कायम करायचं की नाही हे साहेबांच्या एका शेऱ्यावर होतं. प्रश्न गंभीर होता. कुकर तिला दिलेला होता, तेव्हा तो तिचा होता. वापरल्याबद्दल शिक्षा करता येत नव्हती, कारण भेट वापरू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी वापरेल असं लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण पुढच्या नाताळात ती पुढे काय देणार? वापरलेला कुकर देता येत नाही. नवा मर्यादेत बसत नाही, आणि एकाने मर्यादा मोडली की शून्य खर्चाची परंपरा संपली. वरच्या कार्यालयाचं समाधान परत घेतलं जाणार.

"आपलं खातं कशाचं?" साहेबांनी विचारलं.

"वजनमापाचं," सगळे म्हणाले.

"मग खोक्यात काय आहे हे बघणं आपल्या अधिकारात येतं का? आपण वजन बघायचं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माळावरच्या गोदामात दुकानदारांकडून जप्त केलेली खोटी वजनं पडलेली होती. वर एक किलो कोरलेलं आणि आतून पोखरलेलं, अशी. ती आणून कुकरच्या खोक्यात भरली. वजनं खोटी असल्यामुळे जरा जास्त लागली, पण शेवटी खोकं तंतोतंत भरलं. त्यावर लाखेचं सील लागलं आणि हेडक्लार्कनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'आत एक कुकर, न वापरलेला.' खाली साहेबांची सही.

"आणि घरातल्या कुकरचं काय करायचं?" वहिनीने विचारलं.

"कुकर खोक्यात आहे," साहेब म्हणाले.

"नाही, म्हणजे जो माझ्या ओट्यावर..."

"वहिनी," साहेब मायेने म्हणाले, "तुमच्या ओट्यावर काही नाही. ते तुम्ही खुशाल वापरा."

नसलेला कुकर वापरायला तशी काही अडचण नव्हती. फक्त तो शिट्टी मारायचा. पहिल्या आठवड्यात लोक अवघडले, इकडेतिकडे बघू लागले. मग एकदा शिक्का मारणारा कारकून म्हणाला, "गाडी गेली वाटतं." वसाहतीच्या आसपास कुठेही रूळ नव्हते, पण सूचना सगळ्यांना पटली. तेव्हापासून गाडी जाऊ लागली. पोरं गाडीच्या वेळेवर शाळेतून जेवायला येऊ लागली.

मग साहेबांच्या बाईसाहेब एका दुपारी डबा घेऊन आल्या. "आमच्याकडे वाटाणे शिजतच नाहीत बाई. गॅस किती जातो! तुमच्याकडे जरा... गाडी जायची आहे ना अजून?"

वहिनी नाही कशी म्हणणार? दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कच्या घरून डबा आला, तिसऱ्या दिवशी शिक्केवाल्याच्या. मग रांगच लागली. दिवसभर गाड्या जाऊ लागल्या. सगळ्यांची बचत होऊ लागली आणि सगळ्यांचं जेवण मऊ होऊ लागलं. गॅस वहिनीचा जात होता, पण नवरा कायम झाला होता आणि पगार वाढला होता, त्यामुळे तिने हूं की चूं केलं नाही. वरच्या कार्यालयाकडून वसाहतीच्या इंधनबचतीचं कौतुक करणारं पत्र आलं. साहेबांनी ते चौकटीत घालून सभागृहात लावलं. आता तिला टेंपररीवहिनी कुणी म्हणेना. तिला समितीवर घेण्यात आलं.

दरम्यान खोकं फिरत होतं. दर नाताळात वजन भरत होतं, टाळ्या वाजत होत्या. वहिनीकडे भिंतीवरचं घड्याळ आलं, ते तिने उघडलं नाही. ती शहाणी झाली होती.

आणि मग कार्यालयात नवा टेंपररी कारकून आला. त्याची बायको कोवळी पोर होती, कडेवर तान्हं बाळ. त्या नाताळात कुकरचं खोकं शिक्केवाल्याच्या घरून तिच्याकडे गेलं. तिला आधी सांगून ठेवावं असं दोघातिघांना वाटलं. पण सांगणार काय? खोक्यात कुकर नाही, असं? ते तर सहीशिक्क्याच्या विरुद्ध बोलणं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती वहिनीच्या दारात उभी. एका हाताने बाळ सावरलेलं, दुसऱ्या हातातल्या पिशवीत काहीतरी खणखणत होतं.

"ताई, हे बघा हो काय निघालं!" तिने वजनं ओट्यावर मांडली. "वर एक किलो लिहिलंय आणि उचलून बघितलं तर पोकळ! मी सील फोडलं, आत कुकर नाहीच. आता बाळाला मऊ भरवायला लागायचं, मी किती खूश झाले होते. तुम्ही समितीत आहात ना? सांगाल ना त्यांना?"

ओट्यावर कुकर होता. झाकण लागलेलं होतं, आत बाईसाहेबांचे वाटाणे. वहिनी पटकन त्याच्या आडवी उभी राहिली. तिला त्या पोरीची दया आली, अगदी मनापासून आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

"सांगते," ती म्हणाली. तेव्हा तिला खरंच सांगायचं होतं.

बैठक सभागृहात भरली. सभागृहाच्या खिडकीसमोरच वहिनीचं स्वयंपाकघर. गॅसकडे लक्ष ठेवायला सासूबाई बसल्या होत्या.

"खोक्यात कुकर होता," हेडक्लार्कनी वाचून दाखवलं. "न वापरलेला. दरवर्षी वजन बरोबर भरलेलं आहे. सील यांच्या घरात फुटलं. आता कुकर नाही. यावरून तो कुठे गेला याचा तर्क करण्याची समितीची इच्छा नाही."

"मी घेतला?" ती पोर किंचाळली. "अहो, आत ही वजनं होती!"

"तो दुसरा मुद्दा," साहेब म्हणाले. "ही वजनं जप्तीतली आहेत. सरकारी मुद्देमाल तुमच्या घरात कसा आला?"

तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. कधीकाळी तिथेच दुसरा एक टेंपररी कारकून उभा होता; तो आता कायम होता, त्यामुळे बसलेला होता. दोघांनीही जमिनीकडे पाहिलं.

"ताई, सांगा ना," ती पोर म्हणाली.

वहिनी उठली. साहेबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं.

"सांगा की. काही संकोच करू नका. तो कुकर दुसरीकडे कुठे आहे असं कुणाला वाटत असेल, तर आत्ताच बोलावं. म्हणजे तो आणून पुन्हा खोक्यात घालता येईल, आणि सील लावता येईल."

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपापलं जुनं पातेलं उभं राहिलं. वहिनीला ताटाच्या कडेला काढून ठेवलेले वाटाणे दिसले.

"वहिनी," हेडक्लार्क म्हणाले, "त्या खोक्यात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कुकर पाहिलात की नाही?"

"पाहिला," वहिनी म्हणाली. शब्दन् शब्द खरा होता.

नेमकी तेव्हाच खिडकीतून शिट्टी आली. लांबलचक, खणखणीत.

"हा!" ती पोर उठली. "हा आवाज कसला?"

कुणी काही बोलायच्या आत वहिनीच बोलली. "गाडी असेल."

समितीने सहानुभूतीने निर्णय घेतला. मुद्देमालाचं प्रकरण माफ. कुकर मात्र तिच्या नवऱ्याच्या पगारातून भरून घ्यायचा. वसुलीतून केलेली खरेदी ही भेट नसल्यामुळे तिला किमतीची मर्यादा लागू नाही. त्याप्रमाणे नवा कोरा कुकर आला, खोक्यात गेला, त्याला सील लागलं. खोक्यावरचा मजकूर बदलावा लागला नाही. तो आता खरा होता, याचं समितीला विशेष समाधान वाटलं. खोटी वजनं मोजून गोदामात परत गेली.

वहिनी घरी आली, तिने बाईसाहेबांचा डबा भरून बाजूला ठेवला आणि सासूबाईंना वाढलं.

"मला ऐकायला कमी येतं," सासूबाई खाता खाता म्हणाल्या, "पण त्या पोरीचं ऐकू आलं. आणि गाडी नव्हती ती."

वहिनीने बाईसाहेबांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

सासूबाईंनी ताट पुढे केलं. "वाढ अजून थोडे. छान शिजलेत."

खोकं फिरतंच आहे. कदाचित या नाताळात तुमच्याकडे येईल. पण त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही ते उघडणाऱ्यातले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भागात रूळ नाहीत, आणि गाडी कुठून जाते हे तुम्ही आजवर कधी विचारलेलं नाही. जेवून घ्या. गार होतंय.