गयामावशींची पक्की बातमी

बातमी पोटात ठेवली की पोट दुखतं, असं गयामावशी सांगायच्या. आणि आपलं पोट दुखू नये याची त्या फार काळजी घ्यायच्या. डोंगरकड्याला मी शिक्षक होतो, तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारी राहायचो. माझी बदली रद्द झाल्याचं मला मावशींकडून कळलं, हेडमास्तरांना दोन दिवसांनी. आमच्या घरी पाळणा हलणार हे तर मला हापशावरच्या बायकांनी सांगितलं. माझ्याआधी मावशींना सांगायची चूक बायकोनं केली होती. पण मावशींची बातमी कधी खोटी निघाली नाही. “पक्कं सांगते, हवेतलं न्हाई,” हे त्यांचं पालुपद.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हळद शिजवायच्या दिवसांत मावशींच्या हाताला छातीत गाठ लागली. त्यांचे यजमान डॉक्टरांपुढे तोंड उघडत नसत, म्हणून नांदेडला मीही सोबत गेलो. कागद पाहून डॉक्टरांनी आम्हा दोघा पुरुषांना बाहेर चलायची खूण केली. मावशींनी ती टिपली.

“बातमी माझी हाय ना साहेब? मग बाहेर काहून नेऊन राहिले? हितंच सांगा.”

डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, औषधांनी केस जातील. पण वेळेत आलात. मावशी थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे अजून कुणाला कळलंय का? नाही म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

परतीच्या एसटीत पहिला मान कंडक्टरला मिळाला. त्यानं तिकिटं फाडायचं थांबवून हात जोडले. तेव्हा लोक त्या आजाराचं नाव घेत नसत, ‘मोठा आजार’ म्हणून आवाज खाली आणत. मावशी मात्र घरोघर जाऊन नावानिशी सांगून आल्या. एका घरी त्यांना चहाचा कप वेगळा दिला, तर त्यांनी तिथंच बसून दुसरी बातमी दिली: हा आजार लागत नाही, डॉक्टरला तीनदा विचारलंय.

चौथ्या घरची सून शोभा त्या संध्याकाळी मागच्या दारानं आली. तिच्याही छातीत गाठ होती, आठ महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशी तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे. गाठ साधी निघाली, आणि ते शोभाच्या सासूला कळायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं.

मावशींचं ऑपरेशन नीट झालं. औषधं संपली आणि त्या मला म्हणाल्या, की औंढ्याला आईकडे जायचंय, सोबत चला. “तिला तुमीच सांगा सर. मला जमायचं न्हाई. दोन लेकरं मसणात पोचवलीत तिनं.”

आई ऐंशीच्या पुढची, नजर गेलेली. लेकीला जवळ ओढून तिनं चेहरा चाचपला. हात पदराखाली डोक्यावर गेला आणि थांबला. मी घसा साफ केला. तेवढ्यात मावशीच बोलल्या.

“तिरुपतीला गेल्ते आई. केस दिले.”

“मला न सांगता?” म्हातारी रुसली. मग प्रसादाचा लाडू मागितला. तो वाटेतच वाटून टाकला, असं मावशींनी सांगितलं, आणि मग डोंगराच्या पायऱ्या, तिथली गर्दी, रांगेतला धक्का, सगळं बयाजवार सांगत बसल्या. तिरुपती त्यांनी कॅलेंडरवर पाहिलं होतं. म्हातारी ऐकत होती आणि त्या डोक्यावरून हात फिरवत होती.

स्टँडवर गाडीची वाट बघताना त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग म्हणाल्या, “सर, हे कुणाला सांगू नका.”

म्हातारी पुढं तीन वर्षांनी गेली, लेक धडधाकट आहे याच समाधानात. आणि लेक खरंच धडधाकट होती.