आबांनी कॉम्प्युटरचा चार्ज घेतला

प्रज्ञाचा कॉम्प्युटर ऐन लढाईत बंद पडला आणि पडद्यावरचे तिचे चार सोबती शत्रूच्या तावडीत सापडले, तेव्हा जळगावच्या त्या घरात एकाच माणसाला मनापासून आनंद झाला. तो माणूस म्हणजे तिचे आजोबा, आधार आबा. आनंद नातीच्या पराभवाचा नव्हता. पराभवानंतर ती फोनवर जे बोलत होती त्याचा होता. "व्होल्टेज वाढवलं की तापतो, कमी केलं की बंद पडतो, मी तरी काय करू?" असं ती म्हणाली आणि आबांच्या हातातला पेपर खाली आला. दीपनगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यापासून घरात कुणी व्होल्टेज हा शब्द उच्चारला नव्हता. बोलणं व्हायचं ते भाजीचं, नळाला पाणी कधी येणार याचं, आणि आबांनी गोळी घेतली का याचं.

फोन होता धुळ्याला, अखिलला. अखिल हा प्रज्ञाच्या टीमचा कप्तान. धुळ्यातल्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याला पाचवा खेळाडू हवा होता, आणि प्रज्ञा कधीची राखीव म्हणून ताटकळत बसली होती. ही जागा गेली तर पुढच्या वर्षी नोकरी लागेल, मग कसला खेळ आणि कसलं काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कंपनीने ठरवून दिलेल्या वेगावर प्रोसेसर चालवणाऱ्याला अखिल खेळाडूच मानत नसे. त्याने अट घातली. येत्या रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा, प्रोसेसरचा वेग चढवायचा आणि त्याच्यावर पूर्ण भार टाकणारी चाचणी तासभर चालवायची. ज्याचं मशीन बंद पडलं तो टीमबाहेर. अन्याय नको म्हणून माझंही मशीन सोबत लावतो, असंही तो उदारपणे म्हणाला. त्याच्या खोलीत एसी होता, त्यामुळे उदार होणं त्याला परवडत होतं.

आबा चष्मा लावून प्रज्ञाच्या खोलीत गेले आणि काय बिघाड आहे ते नीट सांग म्हणाले. प्रज्ञाने सांगितलं. वेग वाढवला की प्रोसेसरला व्होल्टेज जास्त लागतं. जास्त दिलं की तो तापतो. कमी दिलं की भार आल्यावर तो गोंधळतो, चुका करतो, पडदा निळा होतो आणि सगळं बंद. या दोन्हींच्या मधली जागा सापडायला हवी, आणि ती जागा सुईच्या नाकाएवढी आहे.

"म्हणजे आमचं दीपनगरचं युनिटच की हे," आबा म्हणाले. "फक्त डब्यात बसवलंय."

त्या दिवसापासून आबांनी, कंट्रोल रूममध्ये पाळी बदलताना घेत तसा, चार्ज घेतला. प्रज्ञा आंघोळीला गेली की ते खुर्चीत बसून पडद्यावरच्या आकड्यावर नजर ठेवत आणि ती परत आली की उभे राहून, "तापमान एकसष्ट, पंखा ठीक, आवाज नाही," असं सांगून चार्ज तिच्या हवाली करत. पहिले दोन दिवस ती हसली. मग तीही "घेतला" म्हणायला लागली.

वाद झाला तो व्होल्टेजवरून. आबांचं म्हणणं, लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच द्यावं, हाताशी काहीतरी राखून असावं. प्रज्ञाचं म्हणणं, जास्तीचं सगळं उष्णतेत जातं, शिजवायचं आहे का त्याला. एकदा तिने त्यांचं ऐकलं. पंखा असा घरघरला की शेजारच्या सुगंधाबाई दळणाचा डबा घेऊन दारात आल्या आणि गिरणी कधी टाकली म्हणून विचारू लागल्या. मग प्रज्ञाने आपल्या मनासारखं कमी केलं, आणि घटकाभरात पडदा निळा. असं खाली-वर, खाली-वर करत शेवटी दोघांच्या मधला एक आकडा सापडला. त्यावर मशीन टिकत होतं, पण तापत होतं. बाहेर खानदेशातला मे महिना, खोलीतली हवाच तव्यावरून आल्यासारखी. तिथे बिचारा पंखा काय करणार?

आबांनी घरातला एकुलता एक कूलर ढकलत आणला आणि कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला.

द्रौपदाबाई, म्हणजे प्रज्ञाची आजी, धुळ्याकडच्या. त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "माणसे उकाडामा आनी डबडाले कूलर," त्या म्हणाल्या. "हाई कोठली रीत शे?"

"युनिट आधी, कॉलनी नंतर," आबांनी दीपनगरचा जुना नियम सांगितला.

द्रौपदाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण कूलर तिथेच राहिला, आणि काम झालं. पूर्ण भारावरसुद्धा आकडा ब्याऐंशीच्या वर जाईना. प्रज्ञाने तीन वेळा चाचणी घेतली, तिन्ही वेळा मशीन तासभर हूं की चूं न करता चाललं. शनिवारी आबा घरभर फिरून सांगत होते की उद्या फक्त औपचारिकता आहे.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं.

कूलरचं एक असतं. हवा कोरडी असली की तो राजा. हवेत ओल आली की तो नुसता ओला वारा फेकतो आणि अंग चिकट करतो. आबांना हे कळायला हवं होतं. पण ढग आले तर बरंच, उन्हाचा ताप कमी होईल, म्हणून ते उलट खूश होते. खूश नव्हत्या द्रौपदाबाई. त्यांनी बिबड्यांसाठी, म्हणजे वाळवणाच्या पापडांसाठी, ज्वारी भिजवून, आंबवून, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवला होता. ओल्या कापडावर बिबड्या थापूनही झाल्या होत्या. आता ऊन नाही म्हणजे सगळ्याला बुरशी. त्या हाताला लागलेला घाटा पुसत घरभर कोरडी जागा शोधत हिंडू लागल्या.

ठरल्या वेळी प्रज्ञाने फोन उभा करून ठेवला. फोनमध्ये अखिल दिसला, त्याच्यामागे एसी दिसला. दोघांनी एकदम चाचणी सुरू केली. आबा बाजूच्या स्टुलावर बसले. पंधरा मिनिटांत आकडा ब्याऐंशी झाला आणि थांबला नाही. पंच्याऐंशी. एकोणनव्वद. आबांनी कूलरमध्ये पाणी ओतलं. हवा अजून ओली झाली. पाऊण तास उलटला तेव्हा ब्याण्णव. प्रज्ञाला कॅमेऱ्यासमोरून उठता येईना. ती ओठ न हलवता म्हणाली, "आबा, मागे बघा. गरम हवा बाहेर जात नाहीये."

आबा टेबलाला वळसा घालून मागे गेले. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. दोरीवर कापड होतं, कापडावर ओळीने बिबड्या चिकटलेल्या होत्या, आणि कॉम्प्युटरच्या पाठीला कापड असं बिलगलं होतं की डब्यातून निघालेली वाफ परत डब्यातच शिरत होती. पलीकडे द्रौपदाबाई मोठ्या समाधानाने उभ्या होत्या.

"अठे चांगला गरम वारा येस," त्या म्हणाल्या. "वाया कसाले जाऊ देऊ?"

आबांनी दोरी सोडायला हात घातला.

"हालवू नका. अर्ध्या वाळी ग्यात."

हे दबक्या आवाजातलं भांडण फोनमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून प्रज्ञा मोठ्याने खोकत होती. आबांनी शेवटी कडीची गाठ सोडली, पण बिबड्या जमिनीला टेकल्या तर घरात राहणं कठीण, म्हणून कापड दोन्ही हातांत उंच धरून ते उभे राहिले. टेबलाच्या कडेवरून त्यांना पडदा तिरका दिसत होता. शहाण्णव. सत्त्याण्णव. कापड निघालं होतं, हवा मोकळी झाली होती. आकडा थोडा चढून उतरलाच असता. आणि शंभरीला टेकला असता तरी प्रोसेसर आपण होऊन मंदावला असता, मेला नसता. प्रज्ञाने हे त्यांना दहादा समजावलं होतं. चाचणी संपायला मोजून चार मिनिटं उरली होती.

पडद्यावर अठ्ठ्याण्णव आलं.

माणसाचं डोकं समजतं, पण हात आपल्या सवयीने चालतात. बेअरिंगच्या तापमानाचा आकडा असा चढला की आधी युनिट बंद, विचार मागाहून, हे आबांच्या हातांना नोकरीने इतकी वर्षं शिकवलं होतं. कापड द्रौपदाबाईंच्या अंगावर पडलं, आबा वाकले, आणि भिंतीवरचं बटण खट्कन बंद झालं.

पंखा थांबला, त्याच बटणावरचा कूलरही थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की ओल्या बिबडीतला घाटा फरशीवर पडल्याचा आवाज आला.

प्रज्ञा आबांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आबांचे कान तापले. त्यांनी पुढे होऊन फोन हातात घेतला.

"जयभीम. मी प्रज्ञाचा आजोबा बोलतोय. बंद मी केलं. पोरीचा काही दोष नाही, मशीनचाही नाही. तिला काढू नका."

"जय जिनेंद्र आबा," अखिल म्हणाला. त्याचा आवाज दमल्यासारखा येत होता. "एक मिनिट हं. इथे जरा..."

फोनमधला अखिल घामाने निथळत होता. मागचा एसी बंद होता. त्याच्या आजी, सायरबाई, माळ घेऊन जपाला त्या खोलीत बसल्या होत्या. ढगाळ दिवस, त्यात गार वारा, त्यांना थंडी वाजली आणि त्यांनी रिमोट दाबला. कुणाला सांगायचं काय त्यात? अखिलने मान वळवून आजीला काही विचारलं, आजींनी माळ न थांबवता हाताने उत्तर दिलं, आणि तेवढ्यात त्याच्या चेहऱ्यावर निळा उजेड पसरला. अख्ख्या धुळ्यात निळं झालेलं एकच मशीन, ते कप्तानाचं.

प्रज्ञाने आबांच्या हातून फोन काढून घेतला.

"अखिल, नियम काय होता?"

"तुझंही बंदच आहे ना."

"नियम काय होता ते सांग."

"बंद पडलं तो बाहेर."

"माझं पडलं नाही. आबांनी पाडलं. साक्षीला माणसं उभी आहेत." मागे द्रौपदाबाईंनी डोक्यावरचं कापड बाजूला करून मान डोलावली. "तुझं मात्र आपण होऊन पडलंय. आता टीमबाहेर कोण, ते तूच सांग. तू कप्तान आहेस."

अखिलने आधी कपाळावरचा घाम पुसला. मग त्याने घसा साफ केला आणि म्हणाला की खरं तर त्याच्या मनात केव्हापासून होतं, स्पर्धेत सगळ्यांनी कंपनीच्या वेगावरच खेळावं, उगाच जोखीम कशाला. पाचवी जागा अर्थातच प्रज्ञाची, त्यात शंका कधी होती? फक्त सामन्याच्या दिवशी आबांना दुसऱ्या खोलीत बसवता आलं तर बघ.

प्रज्ञाने फोन ठेवला आणि आबांना अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. रागावायचं ती विसरली ती विसरलीच. द्रौपदाबाईंनी मोडक्या बिबड्या गोळा केल्या, उरलेला घाटा वाट्यांत वाढला, वर कच्चं तेल घातलं, आणि तिघांनी पोटभर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने वेग आणि व्होल्टेज कंपनीच्या आकड्यांवर परत आणले आणि सरावाला बसली. खेळ पहिल्यासारखाच पळत होता. डोळ्यांना काडीचा फरक कळत नव्हता. कूलर बाहेरच्या खोलीत गेला. आबा सवयीने येऊन स्टुलावर बसले. आकडा बासष्ट. चहा झाला, तरी बासष्ट. जेवण झालं, तरी बासष्ट. आबांचा जीव पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा झाला. दीपनगरहून निवृत्त झाले तेव्हा शाल आणि नारळ तरी मिळाला होता. इथे तेही नाही.

संध्याकाळी द्रौपदाबाई सुगंधाबाईंकडे गेल्याची खात्री करून ते खोलीत आले आणि दार लोटलं.

"प्रज्ञा, किंचित वाढवून बघायचं का? कुणाला दाखवायचं नाही. आपलं आपल्याला कळावं म्हणून."

"आणि अठ्ठ्याण्णव झालं तर?"

"होऊ दे की."

तिने मान वळवून पाहिलं. आबा स्टुलावर बसले होते, आणि दोन्ही हात त्यांनी आपल्या मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.