चप्पल घाल आणि सूट

कुमुदकाकू आजाऱ्याच्या घरी गेल्या की आजाऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत. आधी बघत ते त्याचं करणाऱ्या बाईकडे. ती जेवली का, तिनं केस विंचरलेत का, आणि दाराशी तिच्या चपलांवर किती धूळ बसली आहे. धूळ फार असली की काकूंचं पित्त खवळे. त्या स्वतः वाकून चपला झटकत, तिच्या पुढ्यात ठेवत आणि फर्मान सोडत, "चप्पल घाल आणि सूट!"

आमची ओळख अशीच झाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बँकेतून जयपूरला बदली झाली आणि आम्ही मालवीय नगरात राहायला आलो. तेव्हा तिथं घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त. दुपारची वाळू थेट स्वयंपाकघरात यायची. आल्याआल्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. समोर एक मराठी कुटुंब राहतं, एवढंच ऐकून होते. एका दुपारी ते कुटुंब हातात पत्त्यांचा कॅट घेऊन एकटंच दारात उभं राहिलं.

"मी बसते सासूपाशी. चार वाजेपर्यंत तोंड दाखवायचं नाही."

"पण मी जाऊ कुठं?"

"मसणात सोडून कुठंही जा की!"

काकू कोल्हापूरच्या. काका विमा कंपनीत साहेब, अगदी मितभाषी. त्यांच्या वाटणीचंही काकूच बोलून टाकत. काही दिवस त्या मराठी मंडळाच्या सेवा समितीत होत्या. समिती इस्पितळात जाऊन केळी वाटायची आणि फोटो काढायची. "केळी खाऊन माणूस बरा होत असता तर माकडं अमर झाली असती," असं म्हणून काकूंनी ती समिती सोडली आणि स्वतःची काढली. सभासद एक.

नियमही एकच. बाहेर जाऊन उपयोगाचं काहीही करायचं नाही. परतल्यावर पिशवीची झडती होई. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून दोडकी घेऊन आले.

"भाजी आणलीस? म्हणजे तू गेलीच नाहीस. उद्या परत जायचं!"

मागच्या गल्लीत माथुरजी राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं, वाचा गेली, राग तेवढा शाबूत राहिला. डाव्या हातानं कपबशा फेकत. त्यांचं सगळं करणारी सून, सरला, वर्षभर गल्लीबाहेर पडली नव्हती. काकूंनी तिलाही आपल्या खास हिंदीत हुसकलं, "चप्पल पायमें डालो और सुटो!" पहिल्या दिवशी बिचारी एका प्लॉटच्या कठड्यावरच बसून राहिली. पुढं मात्र राजा पार्कच्या बाजारात जाऊन पताशी, म्हणजे तिकडची पाणीपुरी, खाऊन येऊ लागली, आणि स्वयंपाक करताना गुणगुणूही लागली.

इकडे काकू माथुरजींशी रमी खेळत आणि धडधडीत लबाडी करत. पत्ते पदराखाली लपवत. माथुरजी लालबुंद होत. एक दिवस सरला परतली तर फाटकापर्यंत खणखणीत आवाज आला, "बेईमान!"

आजारपणातला सासऱ्यांचा तो पहिला धड शब्द. सरला दारातच रडायला लागली.

"रोती कायको?" काकू म्हणाल्या. "गाली तो मेरेको दिया!"

मग एके दिवशी काकांनाच अर्धांगवायूचा झटका आला.

सगळ्या कॉलनीला घराबाहेर काढणाऱ्या काकूंनी स्वतः उंबरा ओलांडला नाही. कुणी मदतीला गेलं तर "माझं मी बघते" म्हणून दारातूनच परत पाठवत. मीही दोनदा परत आले. काकू वाळल्या होत्या, केसांचा पार गुंता झाला होता, आणि दाराशी त्यांच्या चपलांवर वाळूचा थर बसला होता. मला ते बघवेना. मी तडक सरलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सरला आली ती सासऱ्यांना घेऊनच. माथुरजी एव्हाना काठीच्या आधारानं चालू लागले होते. ते कुणालाही न विचारता आत गेले, काकांच्या खाटेपाशी बसले आणि त्यांनी खिशातून पत्ते काढले. सरलानं आपल्या पदरानं काकूंच्या चपला पुसल्या आणि पुढ्यात ठेवल्या.

"काकीजी, चप्पल पायमें डालो और सुटो."

"मला कुठं जायचंय गं," काकू म्हणत राहिल्या. पण पाय चपलेत गेले.

तासाभरानं मी कामासाठी बाहेर पडले तर काकू बस स्टॉपवर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. बस आली, गेली. त्या हलल्या नाहीत.

"काकू, कुठं निघालात?"

"तेच कळंना झालंय बघ. सगळ्यांना घालवलं, पण जातात कुठं ते मला कुठं माहितंय? माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी विशीत होते. त्या गेल्या तेव्हा केस पिकायला लागले होते. माझ्या चपला कुणी कधी पुढं ठेवल्याच नाहीत गं."

मला रडू आवरेना. काम राहिलं बाजूला. त्यांचा हात हातात घेऊन मी चारपर्यंत तिथंच बसले.

घरी परतताच सरलानं पिशवी हिसकावली. आत मेथीची जुडी निघाली.

"ह्यांना आवडते," काकू पुटपुटल्या.

"सब्ज़ी? मतलब आप गईं ही नहीं! कल फिर जाना पड़ेगा."

तेवढ्यात आतून माथुरजी कडाडले, "बेईमान!" आम्ही धावलो. ज्यांनी उभ्या जन्मात रजेचा खोटा अर्ज दिला नाही, त्या काकांनी उशीखाली राणी लपवली होती, आणि ते अर्ध्या तोंडानं हसत होते.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग बाहेर येऊन चपला काढल्या. मी त्या उचलून आत कोपऱ्यात ठेवायला निघाले, तशी त्यांनी माझा हात धरला.

"राहू देत गं दाराशीच," त्या म्हणाल्या. "उद्या लागतील."