टेस्ट ड्राइव्हचा नारळ

"मले एवढंच सांगा, सोमवारी मी रुजू होऊ का नको होऊ?" तव्यावरची पोळी उलटवत विमलताईंनी विचारलं.

घनश्यामरावांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. व्हिडिओतला माणूस एका गाडीची डिकी उघडून तिच्यात सुटकेस बसवून दाखवत होता, आणि ती बसते की नाही हे पाहणं त्यांना फार गरजेचं वाटत होतं. "होजो न. गाडीचं होऊनच राह्यलं आता."

"तीन वर्षांपासून होऊनच राह्यलं!" असं म्हणून विमलताईंनी पोळी ताटात आपटली. शनिवारची सकाळची शाळा होती, त्यामुळे पुढचं भांडण दुपारवर टाकून त्या निघून गेल्या.

आता घनश्यामरावांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर लोक म्हणतील बिचाऱ्यावर अन्याय केला. कळंबला त्यांचं कृषी केंद्र, चांगलं चालणारं. पण गावात त्यांची ओळख बियाण्यापेक्षा गाड्यांमुळे जास्त. कोणत्या गाडीचा क्लच लवकर जातो, कोणती घाटात दम टाकते, कोणत्या गाडीत मागच्या सीटवर गुडघे छातीला लागतात, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या सल्ल्यानं कळंबात कितीतरी गाड्या आल्या होत्या. त्या गाड्या पावसाळ्यात त्यांच्याच स्कूटरवर चिखल उडवून जात आणि आतून लोक प्रेमानं हात हलवत.

अडचण विमलताईंची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिक्षिका. त्यांना मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली होती, पण शाळा पांढरकवड्यापलीकडे, केळापूरच्या बाजूला. एसटीनं जायचं तर राळेगावला गाडी बदला, वडकीला पुन्हा बदला, आणि एवढं करून कंबर जाग्यावर राहिली तर शिकवा. मागच्या खेपेला असाच आदेश आला होता, तेव्हा कंबरेपायी त्यांनी लेखी नकार दिला होता. या खेपेला नकार दिला, तर पुढे कोणी विचारणार नव्हतं. "गाडी घेतो, तू स्वतः चालवत जाजो," असं घनश्यामराव तीन वर्षांपूर्वी म्हणाले म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल केलं, लायसन काढलं, भाच्याच्या गाडीवर हात बसवला. लायसनवरच्या फोटोतल्या बाईचे केस काळेभोर होते. आताच्या बाईचे तसे राहिले नव्हते, पण गाडीचा पत्ता नव्हता.

त्या शनिवारी विमलताई शाळेत गेल्यावर यवतमाळहून लालसिंग राठोड गाडी घेऊन आला. शोरूममध्ये तो नवीनच लागला होता. जुन्या सेल्समन लोकांनी घनश्यामरावांचं नाव ऐकताच कोणी पोटदुखीचं, कोणी सोयऱ्यांकडच्या लग्नाचं कारण सांगितलं होतं आणि हा मोठ्या उमेदीनं निघाला होता. पांढरीशुभ्र एसयूव्ही दारात उभी राहिली. दोन्ही बाजूंना 'टेस्ट ड्राइव्ह' असं लिहिलेलं.

"सर, बसा न, एक चक्कर मारू," लालसिंग म्हणाला.

"चक्कर मंग मारू. पयले खालून पाहू दे," म्हणत घनश्यामरावांनी शर्ट काढला, हातात बॅटरी घेतली आणि ते नुसत्या बनियनवर गाडीखाली सरपटत गेले. कमरेपासून वरचा भाग आत, पाय अंगणात.

त्यांच्या मातोश्री पुष्पाबाई नेमक्या त्याच वेळी बाहेर आल्या. हातात ताट, ताटात हळद, कुंकू, नारळ, चार लिंबं आणि पेढ्यांचा पुडा. आमच्या भागात दारात नवीन गाडी आली की तिची पूजा होते, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं आणि मगच गाडी हलते. त्याच्याशिवाय कोणी गाडीत पाय ठेवत नाही. पुष्पाबाईंनी बॉनेटवर बोटानं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"आजी, हे गाडी ना..." लालसिंगनं तोंड उघडलं. त्यात पेढा गेला.

"खा बाप्पा, खा. तू आणली न गाडी? तुह्या हातचं यश हाय."

लालसिंगनं कसाबसा पेढा गिळला. "आजी, मी सांगून राह्यलो का..." दुसरा पेढा गेला.

तेवढ्यात पुढच्या चाकाजवळ फाडकन नारळ फुटला. पाणी सरळ गाडीखाली गेलं. "अबे, कूलंट गळून राह्यलं!" असं ओरडत घनश्यामराव उठायला गेले आणि डोकं दाणकन आपटलं. ते बाहेर निघेपर्यंत शेजारपाजारच्या बाया जमा झाल्या होत्या, कोणी झेंडूचा हार आणला होता, आणि मुलगी निकितानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'शेवटी पप्पांनी घेतली!' फोनवर फोन सुरू झाले. वणीच्या मेव्हण्यानं तर ढसाढसा रडायचंच बाकी ठेवलं.

"माय, हे काय केलं तू?" घनश्यामराव कसेबसे म्हणाले.

"पूजा केली. दिसत नाही का तुले?"

घनश्यामराव सगळ्यांना खरं सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण त्याच वेळी विमलताई शाळेतून आल्या. फाटकात थांबल्या. स्वस्तिक पाहिलं, हार पाहिला, बनियनवर नारळाच्या पाण्यानं भिजलेला नवरा पाहिला.

"अवो, घेतली तुम्ही? आन् मले सकाळी सांगतलं बी नाही?" त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात विमलताई आपल्याकडे अशा पाहतात हे घनश्यामरावांना पहिल्यांदाच दिसत होतं. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. लालसिंगही गप्प राहिला. त्याच्या तोंडात तिसरा पेढा होता.

मग रिवाजाप्रमाणे गाडी गावच्या चिंतामणी गणपतीला निघाली. लालसिंग चालवत होता, मागे बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि घनश्यामराव त्याच्या कानात कुजबुजत होते, "गप राय बाप्पा. घरी गेल्यावर पाहू." मंदिरापाशी गुरुजींनी संकल्पासाठी नाव विचारलं. घनश्यामराव पुढे सरकले, तर पुष्पाबाईंनी त्यांना कोपरानं मागे सारलं. "विमल म्हणा. जे चालवन तिच्याच नावानं."

घरी आल्यावर मात्र सांगावंच लागलं. विमलताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त "बरं" म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी पातळाची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं घनश्यामरावांना वाटलं. त्यांना मनापासून स्वतःची लाज वाटली.

लालसिंग अंगणात घड्याळ पाहत होता. संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हीच गाडी दाखवायची होती. पण पुष्पाबाईंनी नवीन लुगडं नेसलं आणि जाहीर केलं, "पूजा झालेली गाडी दारातून एकटी जात नाही. चाला सारे." सुनेला हात धरून गाडीत बसवलं आणि वरात यवतमाळच्या शोरूममध्ये पोचली.

तिथं दुसरं गिऱ्हाईक थांबलंच होतं. नवरा-बायको गाडीजवळ आले आणि बाई थबकल्या. "हे तं कोणाची तरी होऊन गेली."

"नाही मॅडम, डेमोच हाय," लालसिंग म्हणाला.

"संकल्प झाला काय?"

लालसिंगला खोटं बोलता येत नव्हतं. नवीनच होता बिचारा. "झाला जी. चिंतामणीले."

"मंग दुसऱ्याच्या नावच्या गाडीत मी कायले बसू?" असं म्हणून ती बाई नवऱ्याला घेऊन समोरच्या दुसऱ्या शोरूममध्ये निघून गेली.

मॅनेजर काचेच्या खोलीतून धावतच बाहेर आला. त्यानं गाडी धुणाऱ्याला हाक मारली, "पूस रे ते!" धुणारा पाइप घेऊन आला, स्वस्तिक पाहिलं आणि पाइप खाली ठेवला. "साहेब, आजचीच पूजा हाय. आज मी नाही पुसत." मॅनेजर चिडला. स्वतः फडकं घेऊन तरातरा बॉनेटपाशी गेला, दोन क्षण उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं, आणि फडक्यानं नुसता आरसा पुसून परत आला.

"बसा," तो थकून म्हणाला. "तुम्ही नवीन गाडी बुक करा. दोन-तीन महिन्यांत येईल."

"सोमवारी रुजू व्हाचं हाय," विमलताई पहिल्यांदा बोलल्या.

"मंग हेच द्या," पुष्पाबाई म्हणाल्या.

"डेमो गाडी अशी देता येत नाही आजी. दहा हजार किलोमीटर झाल्याशिवाय मालक विकू देत नाही. अजून हजार-बाराशे बाकी आहेत."

"ते कसे होतात?"

"लोकं टेस्ट ड्राइव्ह घेतात, तसे होतात."

"हौ न? मंग माही सून घेते टेस्ट. रोज घेते. तुमचा माणूस पाठवा संगं."

मॅनेजरनं पेन टेबलावर ठेवलं. तशीही ती गाडी आता दुसऱ्या कोणाला दाखवता येणार नव्हतीच. त्यानं मालकाला फोन लावला, आणि मालकानं आधी नाही म्हटलं, मग पूजेचं ऐकून हो म्हटलं.

अशा रीतीनं सोमवारी विमलताई घनश्याम काळबांडे नव्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाल्या, त्या टेस्ट ड्राइव्हवर. शेजारच्या सीटवर पट्टा लावून लालसिंग. पहिल्या दिवशी हायवेवर ट्रक बाजूनं गेला की तोच डोळे मिटून घ्यायचा. नियमाप्रमाणे त्यानं गाडी सोडायची नव्हती, म्हणून शाळा सुटेपर्यंत तो आवारात बसून राही. पोरांना वाटलं, नवीन सर आले. दोन दिवस त्यानं समजावून पाहिलं, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दुसरीच्या वर्गाचे पाढे घ्यायला लागला. तांड्यावरच्या बंजारा पोरांशी तर तो त्यांच्याच गोरबोलीत बोले; त्यांना तो एवढा आवडला, की एकाच्या बापानं त्याच्याकडून गाडी बुक केली. विमलताईंची कंबर तक्रार करत नव्हती. रोज संध्याकाळी त्या उतरत तेव्हा चेहरा असा असे, जणू माहेरून येत आहेत.

किलोमीटर भरले तसे सगळे पुन्हा शोरूमला गेले. कागद समोर आले. घनश्यामरावांनी पेन हातात घेतलं आणि त्यांचा हात थांबला.

"एक डाव ते दुसरं मॉडल पाहून घेतलं असतं तं..."

पुष्पाबाई उठल्या. "तुले काय वाटलं रे, मले माहीत नव्हतं ते टेस्टची गाडी हाय म्हणून?"

"म्हणजे?"

"तू फोनवर बोलतं तं अर्ध्या कळंबले ऐकू जाते. मले नाही येईन? मुद्दामच फोडला मी नारळ. मांगच्या बारीनं या पोरीनं बढतीचा नकार लिवून देला न, तवा न्हाणीत नळ सोडून रडत होती. तुले ऐकू आलं नसन. मी बाहीर उभी होती. तुह्या पाहण्यापाहण्यात तिची उमर चालली होती."

विमलताईंनी चटकन सासूकडे पाहिलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं. लालसिंग उगाचच माहितीपत्रकं नीट लावू लागला.

घनश्यामरावांनी पेन खाली ठेवलं. बोलले ते कोणाकडेही न पाहता. "मले भेव वाटते. त्या हायवेवर कसे ट्रक चालतात तुले माहीत नाही माय. एखादी गोष्ट माह्याकडून पाहाची राह्यली, चुकीची गाडी घेतली, आन् इले काही झालं तं? म्हणून पाहून राह्यलो होतो. दुसरं काही नाही."

आजवर एवढ्या व्हिडिओंनंतर पहिल्यांदाच माणूस कामाचं काही बोलला होता. विमलताईंना हसू आलं आणि रडूही आलं. "अवो, मंग हे तीन वर्षांआधी सांगाचं न! मी गाडी पाहून राह्यली होती का? मले वाटे, तुम्हाले मी जाऊच नये वाटते."

"दगडच हाय माहा पोरगा," पुष्पाबाई मॅनेजरला म्हणाल्या. "पण वाईट नाही."

विमलताईंनी कागद आपल्याकडे ओढले आणि जिथं जिथं खूण केली होती तिथं तिथं सही केली. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या आणि धुणाऱ्याला 'टेस्ट ड्राइव्ह'चे स्टिकर काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घनश्यामरावांनी दुकान बंद ठेवलं. "मी येतो संगं. ब्रेक कसे लागतात, ओव्हरटेक करतानी गाडी कशी राह्यते, सारं पाहतो," असं सांगून ते लालसिंगच्या सीटवर बसले, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि डोळे रस्त्यावर लावले. राळेगावपर्यंत त्यांनी बऱ्याच सूचना दिल्या. त्यानंतर सूचना कमी होत गेल्या.

वडकीला गाडी हायवेला लागली. समोर कंटेनर होता, मागे टँकर. विमलताईंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि कंटेनरच्या बाजूनं गाडी सफाईनं पुढे काढली.

"कशी वाटली जी?" त्यांनी अभिमानानं विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. घनश्यामराव मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून बिनघोर घोरत होते. विमलताईंनी रेडिओचा आवाज कमी केला आणि पांढरकवड्याच्या दिशेनं गाडी चालवत राहिल्या.