एल्कच्या डोंगरावरची गर्दी मी हटवली!

एल्क नावाच्या थोराड हरणांमागे डोंगरावर लोटणारी शिकाऱ्यांची गर्दी कशी हटवायची, हे अख्ख्या मोंटाना राज्यात एकट्या मला कळत होतं! वन्यजीव खात्याला कळत नव्हतं, आमच्या खोऱ्यातल्या लोकांना तर मुळीच नाही. म्हणून शाळेच्या सभागृहात खात्याची सभा भरली, तेव्हा सगळ्यांत आधी मी उठलो आणि ओरडलो, "हा डोंगर आहे की जत्रा? एल्क दिसायच्या आधी माणसंच दिसतात!"

टाळ्या पडल्या. खात्याच्या कॉरिगनबाई शांतपणे म्हणाल्या, "मग काय करावं म्हणता, टटलसाहेब?"

"शिकारीच्या हंगामाचे दोन तुकडे करा! एक आधीचा, एक नंतरचा. प्रत्येकानं एकच निवडायचा. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. झालं!"

"आणि सगळ्यांनी एकच निवडला तर?"

"बाई, आमच्या लोकांना मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो!"

खात्यानं चक्क ऐकलं. नवा नियम आला. मी नंतरचा हंगाम घेतला. आमची माणसं उतावळी, ती पहिल्यावरच तुटून पडणार. पुढे बर्फ पडलं की एल्क खाली उतरणार आणि तिथे मी एकटा! हे गुपित मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त मेव्हण्याला, डार्विनला सांगितलं. तेही बजावून.

"माझ्या तोंडून एक शब्द बाहेर जाणार नाही, ऑर्विल," डार्विन म्हणाला.

डार्विन गावातला एकुलता एक न्हावी आहे. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं!

नंतरचा हंगाम उघडला त्या पहाटे मी निघालो. कच्चा रस्ता संपायच्या कितीतरी अलीकडेच गाडी थांबवावी लागली. दोन्ही कडांना नुसत्या पिकअप गाड्या! एका महाभागानं तर शेगडी मांडून सॉसेज तळायला घेतले होते. वर पाहिलं, तर पांढऱ्या बर्फावर जिकडेतिकडे शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं. डोंगरावर भोपळ्यांचं पीक आलं होतं!

धापा टाकत माझ्या नेहमीच्या खडकापाशी पोचलो. खडकावर डार्विन!

"तू? तू तर आधीचा हंगाम घेणार होतास ना?"

"तूच म्हणालास ना, शहाणी माणसं नंतरचा घेतात."

"किती जणांना सांगितलंस?"

"खास माणसांनाच रे."

"खास म्हणजे?"

"ज्यांचे केस वाढले होते, तेवढ्यांनाच!"

माझं डोकं असं तापलं, की टोपीवरचं बर्फ वितळलं असेल. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तेवढ्यात झाडामागून कुणीतरी खेकसलं, "भांडण घरी करा! एल्क आलाय!"

खरंच आला होता! नर. घोड्याएवढं धूड, अन् शिंगं अशी की त्यांच्यावर घरादाराचे कपडे वाळत घालावेत. मी बंदूक उचलून तिच्यावरच्या दुर्बिणीतून पाहिलं. एल्कच्या मागे भोपळा! जरा डावीकडे सरकलो. तिथेही भोपळा! गोळी झाडायची तरी कुठे?

"मी आधी पाहिला!" खालून एक ओरडला.

"पाहून काय होतं? माझ्या समोर आहे!" दुसरा.

"सगळे खाली बसा रे!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

एल्कनं आमच्याकडे पाहिलं. लग्नात दारू पिऊन नाचणाऱ्या पाहुण्यांकडे पाहावं, तसं! मग कुंपणावरून उडी मारून तो शिकारीला बंदी असलेल्या कुरणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून निवांत चरू लागला. त्या हंगामात आमच्यापैकी बहुतेकांच्या हाती सर्दीशिवाय काही लागलं नाही.

घरी बायकोनं, आयडेलानं, जखमेवर मीठच चोळलं. "आधीच्या हंगामात डोंगर ओस पडला होता म्हणे. पाद्रीबाबांच्या आईला एल्क मिळाला."

"त्या म्हातारीला? तिला धड चालता येत नाही!"

"चालावं लागलंच नाही. तोच आला."

पुढच्या सभेत मी पुन्हा उठलो. या खेपेला टेबलावर मूठ आपटूनच! "निवड लोकांवर सोडूच नका! परवाने मोजकेच ठेवा आणि चिठ्ठ्या काढा!"

"गर्दी नक्की कमी होईल, टटलसाहेब," कॉरिगनबाई म्हणाल्या. "पण मग काही जणांना घरी बसावं लागेल. चालेल?"

"न चालायला काय झालं? बसू देत की!"

"ऑर्विल, खाली बस," डार्विन कुजबुजला. बसलो नाही! हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि लोकांनी माझी पाठ थोपटली.

चिठ्ठ्या निघाल्या. डार्विनचा नंबर लागला. माझा नाही! खात्यात फोन करून घसा बसेपर्यंत भांडलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षासाठी शुभेच्छा दिल्या.

हंगाम उघडला, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. डोंगरावरून डार्विनचा फोन आला. "ऑर्विल, तुझा उपाय लागू पडला बघ! अख्ख्या उतारावर चिटपाखरू नाही. काय शांतता आहे रे! ऐक..."

त्यानं मला शांतता ऐकवायला फोन हवेत धरला. मी माझा आपटला.

पण खोटं कशाला बोलू? गर्दी हटली. हटलेल्या गर्दीत मी होतो, इतकंच!